वरून खाली फेकला जाणारा शब्द

बोलतो आहे तो मी. माझे नाव टेमेरिटी. दचकू नका, आणि कृपा करून हसूही नका. माझा उच्चार करताना ज्यांची जीभ अडखळते, ते लोक मला ऐकून प्रथम हसतात आणि लगेच मला कोणावर वापरता येईल याचा हिशेब मांडू लागतात. मी जातीने शब्द आहे. भाषेने इंग्रज, रक्ताने लॅटिन. मला हात नाहीत, पाय नाहीत. तरीही जिथे जिथे गेलो तिथे कोणाचा ना कोणाचा पाणउतारा करूनच परतलो. हे काम मी मागितले नव्हते. ते तुम्ही माझ्याकडून करून घेतलेत. तेव्हा आरंभीच सांगून ठेवतो, की मला तुमच्याविषयी प्रेम नाही.

माझे कुळ मात्र सांगण्याजोगे आहे, आणि ते मी सांगणारच. लॅटिन भाषेत 'टेमेरे' नावाचे एक क्रियाविशेषण होते. आंधळेपणाने, न पाहता, हाताला लागेल तसे, असा त्याचा अर्थ. तेच माझे मूळ. व्युत्पत्तीचा शोध घेणारे पंडित म्हणतात, की त्या शब्दाचे आणि त्याच भाषेतील अंधारवाचक शब्दाचे बीज एकच आहे. म्हणजे मी अंधाराच्या घराण्यातला. अनोळखी घरात दिवा न लावता जिना उतरणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. पुढे पायरी आहे असे धरून तो पाय टाकतो. ते पाऊल म्हणजे मी. तो पडला तरी मी, आणि नशिबाने न पडला तरीही मीच. परिणामाशी माझा संबंध नाही. न पाहण्याशी आहे. हा भेद तुमच्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात येतो, आणि ज्यांच्या येतो त्यांना तो सोयीचा नसतो.

पंधराव्या शतकात मी इंग्रजीत आलो. तिथे माझ्या अर्थाची वाण होती असे नाही. 'रेकलेस' नावाचा एक जुना रहिवासी होताच. 'रेक' म्हणजे पर्वा; ती ज्याला नाही तो रेकलेस. मोटार भरधाव हाकणाऱ्यांसाठी आजही त्यालाच बोलावतात. तो कष्टाळू आहे, रोजच्या कामाला उपयोगी आहे. मला मात्र त्यांनी उंची पोशाखाप्रमाणे कपाटात ठेवले. मी विद्वानांच्या ग्रंथांत राहिलो, धर्मोपदेशकांच्या तोंडी राहिलो. त्या काळी माझा अर्थ शाबूत होता. न पाहता लढाईत उडी घेणाऱ्या सेनापतीलाही माझे नाव देत. वरच्यालाही आणि खालच्यालाही मी सारखाच लागू पडत असे.

पुढे घसरण सुरू झाली. 'अमुक करण्याची टेमेरिटी दाखवणे' अशी एक वाक्यरचना रूढ झाली आणि मी तिच्यात अडकलो. त्या रचनेत दाखवणारा नेहमी खालचा असतो. मालकाने नोकराला कारण न देता घरी बसवले, तर तो निर्णय. नोकराने 'का?' असे विचारले, की मला बोलावणे. सासऱ्याने सुनेची पेटी उघडून पाहिली, तर ती काळजी. सुनेने पेटीला कुलूप लावले, की पुन्हा मला बोलावणे. तुमच्या मराठी कोशकारांनी माझ्यासमोर अविचार, उतावीळपणा, धार्ष्ट्य असे शब्द मांडून ठेवले आहेत. त्यांतला अविचार कोणी वाचत नाही. धार्ष्ट्यावर बोट ठेवतात आणि कोश मिटतात. तुमच्या घरगुती बोलीत ज्याला तोंड वर करून बोलणे म्हणतात, त्याचा मी इस्त्री केलेला अवतार होऊन बसलो. ज्याने अंधारात पाऊल टाकले त्याला सोडून, ज्याने 'दिवा लावा' म्हटले त्याच्या अंगावर मला घालू लागले. माझा संताप यासाठी आहे.

एखादा शब्द माणसाच्या मालकीचा कसा होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? वाचून होत नाही. मार खाऊन होतो.

माझे शेवटून दुसरे मालक हे चिनीमातीची भांडी करणाऱ्या एका कारखान्याचे व्यवस्थापक होते. कामगार त्यांना मोठे साहेब म्हणत. हे साहेब शाळेत असताना त्यांनी एकदा मुख्याध्यापकांना विचारले होते, की आपल्या वर्गाची खिडकी नेहमी बंद का असते. मुख्याध्यापकांनी सबंध वर्गासमोर मला त्यांच्या अंगावर फेकले. वर्ग हसला. अर्थ एकालाही कळला नव्हता, तरी हसला. साहेबांनी घरी जाऊन कोश उघडला. खिडकी पुढेही बंदच राहिली. पण मी त्यांच्याकडे राहिलो. ज्या दगडाने आपले डोके फुटले तो दगड माणूस गटारात टाकत नाही, खिशात घालतो. पुढे त्यांना खुर्ची मिळाली, तेव्हा त्यांनी मला बाहेर काढले. नळ आता दुरुस्त होणार नाही म्हणणाऱ्या प्लंबरवर त्यांनी मला फेकले. आमटीत मीठ नको म्हणणाऱ्या डॉक्टरावर फेकले. स्वतःच्या पत्नीवर तर इतक्या वेळा फेकले, की ती बाई स्वयंपाकघरातूनच विचारी, "आज काय, टेमेरिटी का?" आणि उत्तराची वाट न पाहता भांडी घासू लागे. घरात माझी धार गेली, म्हणून कारखान्यात मला परजले जाऊ लागले.

आता त्या दिवसाची हकीकत सांगतो. मी ज्याच्या कानात शिरतो त्याच्यात काही काळ मुक्काम करतो. त्यामुळे मी जे पाहिले नाही तेही मला कळते. कोणी विचारील, म्हणून सांगून ठेवले.

त्या कारखान्याच्या मोठ्या भट्टीला विटांचे एक उंच धुराडे होते. त्याच्या माथ्याजवळ विटा आवळून धरणारे लोखंडी पट्टे गंजून सैल झाले होते. ते कसेपर्यंत भट्टी पेटवता येत नव्हती. आत कच्च्या कपबश्यांची चळत लागलेली होती, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या गिऱ्हाईकाची माणसे पेटलेली भट्टी पाहायला येणार होती. धुराड्यांची कामे करणारे एक कुटुंब होते. त्यांना बोलावले होते. कुटुंब म्हणजे एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ. बहीण वर चढे, भाऊ खाली दोर धरी. कामगार तिला ताई म्हणत, कारण भाऊ तिला ताई म्हणे. ती त्याला धाकट्या म्हणे. पण तो हक्क तिने इतरांना दिला नव्हता. इतर लोक त्याला त्याच्या पाठीमागे दोरखंड म्हणत.

काम असे चाले. धुराड्याला खालपासून वरपर्यंत शिडीचे तुकडे एकावर एक बांधून नेत. माथ्यावर कप्पी. या धुराड्याला ते आदल्या दिवशीच बांधून झाले होते. कप्पीवरून आलेला दोर बहिणीच्या कमरेला, आणि त्याचे दुसरे टोक जमिनीतल्या एका जाड खुंटाला वेढा घालून भावाच्या हातात. ती वरून हाक देई: "सोड", "धर", "थांब". तेवढे तीन शब्द. तितक्या उंचीवरून माणसाचा चेहरा दिसत नाही. खालच्याने सगळे काम कानांनी करायचे. म्हणून त्यांच्या घरात बापाच्या वेळेपासून एक रीत होती. ज्या दिवशी दोराच्या दोन टोकांच्या माणसांचे भांडण झाले असेल, त्या दिवशी कोणी चढायचे नाही. बाप म्हणे, रागावलेला माणूस दोर सोडील अशी भीती नाही. पण तो मनातल्या मनात उत्तरे देत बसतो, आणि त्याला हाक उशिरा ऐकू येते. म्हणून भांडणाचा दिवस तो सुट्टीचा दिवस.

त्या सकाळी भांडण झाले होते. धाकट्याने चहा पिता पिता जाहीर केले होते, की आज वर तो जाणार, दोर ताईने धरावा. ताई म्हणाली, "तुझे गुडघे जमिनीवर लटपटतात रे." हे ती त्याच्या बायकोच्या देखत म्हणाली आणि लहानग्या मुलीच्याही देखत म्हणाली. मुलगी खुदकन हसली. धाकट्याने कप आपटला. कारखान्यापर्यंतच्या वाटेत दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

फाटकातून आत येताच ताईने दोराचे वेटोळे खांद्यावरून खाली टाकले आणि भट्टीच्या मुकादमाला सांगितले, "आज चढणार नाही. उद्या."

मुकादम म्हणाला, "बाई, वारा नाही, ऊन नाही. झालं काय?"

"आमचं भांडण झालंय."

"कुणाशी?"

"याच्याशी."

"मग?"

"मग काय? आमच्यात नाही चढत."

मुकादम साहेबांकडे गेला. साहेब कचेरीतून खाली आले. त्यांच्यामागे हेडक्लार्क, त्याच्यामागे मातीकामाच्या दालनातले सगळे. भट्टी बंद असली की माणसांना तमाशाची भूक लागते.

साहेबांनी विचारले, "भांडण कशावरून?"

"ते घरचं आहे."

"घरचं आहे ना? मग घरी ठेवा. माझा माल आत खोळंबलाय. उद्या माणसं येणार आहेत, त्यांना काय सांगू? बहीणभाऊ रुसलेत?"

कामगार हसले. ताई हसली नाही. ती म्हणाली, "हो. तेच सांगा. खरं ते सांगायला काय हरकत आहे?"

ते ऐकताच साहेबांच्या घशात मी सरसावलो. मला त्या जागेची पुरती ओळख आहे. तिथे अजून ती बंद खिडकी आहे. त्यांनी मान किंचित वर केली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, संपूर्ण इंग्रजी वाक्यात गुंडाळून, मला त्या बाईच्या तोंडावर मारले: तुझी एवढी टेमेरिटी, की माझ्या कारखान्यात उभी राहून मला नाही म्हणतेस!

मी तिच्या कानात गेलो. हे नीट ऐका. मी जिला लागू पडलो नाही अशी व्यक्ती मी पूर्वीही पाहिली होती, पण जिच्यात मला पाय ठेवायला जागा सापडू नये अशी पाहिली नव्हती. तिने सबंध सकाळ पाहण्यातच घालवली होती. भावाचा चेहरा पाहिला होता, दोर पाहिला होता, वर पाहिले होते, आणि मग नाही म्हटले होते. न पाहण्याचा एक कणही तिथे नव्हता. आणि मी तिच्या अंगावर! मला त्या क्षणी साहेबांची जीभ चावावीशी वाटली. दात नाहीत, म्हणून राहिले.

मागे एकाने हेडक्लार्कला विचारले, "काय म्हणाले हो साहेब?"

हेडक्लार्क म्हणाला, "मोठं म्हणाले काहीतरी."

"शिवी का?"

"छे छे. शिवीहून वरचं."

साहेब मग धाकट्याकडे वळले. "आणि तू रे? तूही हिच्यासारखाच का? पुरुषासारखा पुरुष, आणि आयुष्यभर खाली उभा राहून दोर धरतोस?"

कोणीतरी पाठीमागून "दोरखंड!" म्हटले. ते त्याने प्रथमच तोंडावर ऐकले. त्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, "मी चढतो."

ताई म्हणाली, "तू नाही चढायचंस. भांडण दोन्ही टोकांना लागू असतं."

"रीत बाबांची होती. बाबा गेले."

"धाकट्या, वेटोळ्याला हात लावू नकोस."

असे म्हणून ती दोराच्या वेटोळ्यावर सरळ बसली. मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून. दोर तिच्याखाली. मुकादमाने इकडून तिकडून पाहिले; बाईला हात धरून उठवण्याची त्याची छाती होईना. साहेब रखवालदाराच्या नावाने ओरडले. रखवालदार आला, त्याने ताईकडे पाहिले आणि "मी फाटक उघडं टाकून आलोय," म्हणून परत गेला.

तेव्हा धाकट्याने चपला काढल्या आणि तो दोराशिवाय शिडीवर चढला.

साहेबांनी टाळी वाजवली. "याला म्हणतात धाडस! बघा, शिका!"

मी ओरडलो असतो. मला आवाज नाही. मला दुसऱ्याचे तोंड लागते, आणि तिथे जमलेल्या तोंडांपैकी एकालाही मी तेव्हा आठवलो नाही. अहो, तो मीच होतो! कमरेला दोर नाही, डोळ्यांपुढे राग, वर काय करायचे याचा पत्ता नाही, हातात हत्यार नाही, आणि पाय एकेक पायरीवर पडताहेत ते तिथे पायरी असावी या भरवशावर. शेकडो वर्षांत इतका निर्भेळ मी स्वतःला क्वचितच दिसलो असेन. ज्यांनी मला शिकून, पाठ करून, जिभेवर घोळवून ठेवले होते, तेच गृहस्थ माझ्याकडे तोंड करून टाळ्या वाजवीत होते, आणि मला ओळखत नव्हते.

धुराड्याच्या साधारण मध्यावर गेल्यावर धाकट्याने खाली पाहिले.

तो थांबला. त्याने दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारली आणि गाल लोखंडाला टेकला. खालून त्याचे गुडघे दिसत होते. ते हलत होते, आणि त्यांच्याबरोबर शिडीही बारीक खडखडत होती. आता कोणी हसत नव्हते. साहेब म्हणाले, "चढ ना! थांबलास का?" मग ते म्हणाले, "मग उतर तरी." त्यांचे कोणतेच शब्द वरपर्यंत पोहोचत नव्हते.

ताई वेटोळ्यावरून उठली. मुकादम म्हणाला, "बाई, तुम्ही जा वर, आणा त्याला." तिने मान हलवली. एकाच्या वजनाने हलणाऱ्या शिडीवर दुसरे वजन टाकायचे नसते, एवढे तिने सांगितले. ती शिडीच्या पायथ्याशी, भाऊ रोज उभा राही त्या जागी, जाऊन उभी राहिली आणि वर तोंड करून म्हणाली, "धाकट्या, डावा पाय खाली घे."

पाय हलला नाही. तिने पुन्हा सांगितले. तो ऐकत नव्हता. तो मनातल्या मनात उत्तरे देत होता. बाप म्हणे तसाच.

मग तिने निराळीच गोष्ट केली. ती म्हणाली, "धाकट्या, सकाळचं बोलून घे. काय म्हणायचंय ते वरूनच म्हण. सगळं."

वरून आवाज आला, चिरका, शिडीत तोंड खुपसलेल्या माणसाचा: "बाबांनी तुला वर नेलं!"

"हो."

"मला खाली ठेवलं! मला विचारलं कुणी?"

"नाही विचारलं."

"तूही नाही!"

"मीही नाही."

"लोक मला दोरखंड म्हणतात!"

"म्हणतात. मला माहीत होतं."

"आणि तू हसतेस त्यांच्यात!"

"हसले आहे. हो."

"माझ्या लग्नाला उशिरा आलीस!"

"मी धुराड्यावर होते रे!"

"तरी!"

"उशीर झाला. हो."

एवढ्या लोकांत कोणीतरी फिसकन हसले. ताईने मागे वळून पाहिले, आणि तो आवाज मातीत पुरल्यासारखा बंद झाला.

"आज पोरीसमोर बोललीस. तिला आता वाटणार बाप भित्रा आहे!"

"बोलले. पोरीसमोर बोलायला नको होतं."

"पण खोटं होतं का ते? सांग ना! खोटं होतं का?"

तिथे ती अडली. मी तिच्या आतच होतो, म्हणून सांगतो. खोटे होते असे म्हणणे तिला सहज शक्य होते, आणि शिडी खडखडत होती. खरे म्हटले तर तो तिथल्या तिथे हात सोडील, अशी तिला भीती होती. ती म्हणाली, "खोटं नव्हतं. आत्ता हलताहेत, मला दिसतंय. माझेही हलायचे. पहिल्या वर्षी बाबांनी मला दोनदा खांद्यावर घालून उतरवलं. तुला कधी सांगितलं नाही."

शिडीचा खडखडाट चालूच होता. मग वरून आला तो आवाज जरा खालच्या पट्टीतला होता. "का नाही सांगितलंस?"

"लाज वाटायची."

"सायकलही तूच दिलीस," तो म्हणाला.

"कुठली सायकल?"

"माझी. हिरवी. शेजारच्यांना दिलीस."

"अरे, तिला चाक तरी होतं का?"

"एक होतं!"

"दिली. विचारायला हवं होतं. अजून काही?"

"नाही. संपलं."

"नक्की?"

"हो."

"मग ऐक आता. डावा पाय. खाली. पायरी आहे, मला दिसतीये. टेकव. हं. आता उजवा हात."

तो उतरू लागला. ती एकेक पायरी सांगत होती आणि तो एकेक पायरी ऐकत होता. शेवटच्या पायऱ्यांवर त्याचे पाय वळेनात, तेव्हा तिने त्याच्या घोट्याला धरून पाऊल टेकवून दिले. जमिनीवर येताच तो तिथेच बसला आणि चपला घालू लागला. डाव्या पायाची उजव्यात. तिने त्याच्या हातातून चप्पल घेतली, आणि दुसरी पुढे केली.

साहेब जवळ आले. माणूस मेला नाही याचा त्यांना आनंद झाला असावा. पण त्यांना आनंद दाखवण्याची सवय नव्हती. ते म्हणाले, "झालं ना? मिटलं ना भांडण? सगळ्यांनी ऐकलं. आता चढा."

ताई म्हणाली, "भांडण मिटलं. दिवस भांडणाचाच आहे. उद्या."

साहेबांनी मला पुन्हा फेकले नाही. त्यांनी फाटकाकडे बोट दाखवले. बहीणभावांनी मिळून आपल्या शिड्या सोडल्या, कप्पी उतरवली आणि दोर घेतला. उतरवण्यासाठीही कोणी वर गेले नाही. खालून सोडता येतील अशाच गाठी तिने बांधल्या होत्या.

आता जे सांगतो ते तुम्हाला आवडणार नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी टोळी आली. तिने पट्टे कसले. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. भट्टी पेटली, गिऱ्हाईकाची माणसे येऊन चहा पिऊन गेली, कपबश्या भाजून निघाल्या. साहेब सर्वांना म्हणाले, "बघितलंत? तो पोरगा दोराशिवायही पडला नाही. काही झालं नाही." तुमचा सगळा युक्तिवाद नेहमी इथेच येऊन थांबतो: काही झाले नाही. काही झाले नाही म्हणजे अंधार नव्हता, असे तुम्ही समजता. न पडलेल्या माणसाला डोळस ठरवण्याची ही तुमची पद्धत माझ्या जन्माआधीपासून चालत आली आहे, आणि माझ्यामागेही चालेल. तिच्यापुढे मी हात टेकले आहेत. म्हणजे टेकले असते.

आणि माझे काय झाले? मी त्या बाईला चिकटलो. कारखान्यात त्या दिवशी ज्यांनी मला ऐकले होते, त्यांनी मला बाहेर नेले. अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. पण मी तिच्यावर फेकला गेलो होतो, एवढे सर्वांना ठाऊक होते. रस्त्यात ती दिसली, की माणसे हाक मारू लागली, "काय टेमेरिटी, आज चढणार का? का भांडण झालंय?" दुसऱ्या कारखान्यांचे मुकादमही विचारू लागले. कामे कमी झाली. लॅटिनच्या व्याकरणात जन्मलेला मी, एका बाईला रस्त्यात छेडण्याचे टोपणनाव झालो. ती मागे वळत नसे. तिच्या त्या न वळण्याने मला जितके फटके बसले, तितके कोशातल्या किड्यांनीही मला कुरतडले नाही.

धाकट्याला मात्र ते सहन होईना. एका संध्याकाळी त्याने घरी जाणाऱ्या हेडक्लार्कला रस्त्यात गाठले.

"त्या शब्दाचा अर्थ काय हो?"

हेडक्लार्कने तोपर्यंत कोश पाहिला होता. त्याचीही झोप मी उडवली होती. तो इकडेतिकडे पाहत म्हणाला, "म्हणजे... आंधळेपणा. पुढचा मागचा विचार न करता, न बघता धोक्यात उडी घेणं."

"न बघता?"

"हो. तसं मूळ आहे त्याचं."

"मग माझ्या ताईला का म्हणाले?"

याचे उत्तर माझ्याजवळ आहे, पण मला विचारतो कोण? धाकट्याला हसू आले, आणि ते हसू चांगले नव्हते. "चुकीच्या पत्त्यावर टाकला की राव," तो म्हणाला.

त्यानंतर काही दिवसांनी बहीणभाऊ एका पिठाच्या गिरणीच्या धुराड्याचे काम मागायला निघाले होते. दोर ताईच्या खांद्यावर, कप्पी धाकट्याच्या हातात. चहाच्या दुकानासमोर पाचसहाजण उभे होते. त्यांतला एक नेहमीप्रमाणे ओरडला, "ओ टेमेरिटी!"

ताई चालत राहिली. धाकट्या थांबला, मागे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "ओ! काय काम आहे?"

तो माणूस गोंधळला. "तुला नाही रे. तिला हाक मारली."

"ते नाव तिचं नाही. माझं आहे. दोराशिवाय मी चढलो होतो, ती नाही. अर्थ हवा असला तर हेडक्लार्कला विचार. काम बोल."

दुकानदाराने त्या माणसाला म्हटले, "चहा घे, निवतोय." धाकट्या पुढे झाला. ताई वळणावर थांबली होती. तो जवळ येताच ती म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. मला हाक मारली होती."

तिने त्याच्याकडे नीट पाहिले. ती पाहिल्याशिवाय काही करीत नाही. मग खांद्यावरचा दोर काढून तिने त्याच्या खांद्यावर दिला, त्याच्या हातातली कप्पी आपण घेतली, आणि दोघे गिरणीच्या दिशेने निघाले.

तेव्हापासून मी त्याच्याकडे राहतो. मला आजवर हजारोंनी फेकले. 'हा माझा' म्हणून वाकून उचलणारा हा पहिलाच. मी तुमच्यावरचा राग सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही. पण त्याच्या घरी मला आता कोणावर धावून जावे लागत नाही. वरिष्ठांनो, खुर्च्यांवर बसलेल्यांनो, उद्या तुमच्यासमोर कोणी नाही म्हटले आणि तुमचा हात खिशाकडे गेला, तर तिथे मी नसेन. अविनय म्हणा, आगाऊपणा म्हणा. तुमच्याकडे पुष्कळ शब्द आहेत. मला परत मागायला येऊ नका. माझा माणूस मला मिळाला आहे.